टनामागं, किलोमीटरमागं

पोलावार शेठच्या ट्रान्सपोर्टात
सव्वीस वर्षं बिल्ट्या फाडतोय मी.
नांदेड ते धर्माबाद, नांदेड ते हैदराबाद,
हळद, सरकी, सोयाबीन,
एकदा तर बंद पडलेल्या सर्कशीचे खांब.
डिझेल, टोल, हमाली, टायरची झीज
आणि एक रकाना 'इतर',
ज्याचा हिशेब कुणी विचारत नाही.

मार्चात एक पाहणीवाला आला,
नारिंगी जाकीट, हातात खुणांची काठी.
काका, तुमच्या ट्रकला काय पडतं
टनामागं, किलोमीटरमागं?
अडीच रुपये, म्हटलं. परतीला रिकामा आला तर तीनच्या वर.
पाण्यातून एक रुपया, तो म्हणाला,
आणि पेनाला टोपण लावलं,
जसा काही निकाल लागला.

त्या रात्री मी उठून बसलो.
काय पुटपुटताय, बायकोनं विचारलं.
एक रुपया, म्हटलं.
कुणाचा द्यायचाय? देऊन टाका, म्हणत ती कुशीवर वळली.

बिल्टीच्या पाठीमागं मांडून पाहिलं:
एक बार्ज म्हणजे वीस ट्रक,
पाण्याला पंक्चर नाही,
पाण्यात खड्डा पडत नाही,
नाक्यावर हात दाखवणारं कुणी नाही.
मग एकेक ओळ खाली उतरू लागलो.
मोंढा ते घाट टेम्पो, घाटावर हमाली,
उतरताना पुन्हा हमाली, पुन्हा टेम्पो,
प्रत्येक बंधाऱ्याशी दार उघडायला थांबा,
गाळ काढायचा कुणी,
आणि वर्षातले आठ महिने?
तळाशी पोचलो तेव्हा
रुपयाचे सव्वातीन झाले होते.

रविवारी त्याच्यासोबत गंगेवर गेलो.
(आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात,
आटली तरी.)
काठी बुडवत, लिहीत तो पुढं, मी मागं.
इथं छाती. इथं गुडघा.
त्याच्या तक्त्यात गुडघ्याला रकाना नव्हता.
पुढच्या वळणावर तर पात्राच्या मधोमध
वाळू भरलेला हायवा धुरळा उडवत आला,
आम्हाला हॉर्न देऊन गेला.
जलमार्गावरची ती पहिली मालवाहतूक
आम्ही दोघांनी बाजूला सरून पाहिली.

खाली, बंधाऱ्याच्या फुगवट्यात, पाणी होतं.
तिथं इरबाजी भोई
गुळाच्या कढईत हळदीची सहा पोती घालून
पल्याड निघाला होता.
"दोन मीटर खोल आहे का?" यानं विचारलं.
"हाय की. पर ते शहराला प्यायचं हाय, सायेब.
तुमी पाणी मोजालाव का पैसा?"

पोत्यामागं वीस रुपये घेतो इरबाजी.
पुलावरून गेलं तर तेवीस किलोमीटर,
टेम्पोवाला साठ मागतो.
पोरानं मोबाईल काढला, भागाकार केला,
पुन्हा केला.
टेम्पो पडत होता बावन्न रुपये
टनामागं, किलोमीटरमागं.
आणि कढई, दोनशे मीटरच्या पाण्यावर,
दोन हजार.
"म्हणजे हा सगळ्यात महाग जलमार्ग," तो म्हणाला,
आणि पोत्यांवर बसून नंबराची वाट पाहणाऱ्या
चार बायकांकडं बघत राहिला.
त्यातली एक म्हणाली, बाबा, तुला जायचंय का पल्याड?
नाहीतर सर, पोतं ठेवू दे.

मी खिशातलं बिल्टीबुक काढलं.
सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय.
माल: हळद, सहा नग.
वाहन क्रमांक: इरबाजी हसला,
कढईच्या बुडाला हातानं दोनदा वाजवलं.
अंतर: इथं माझं पेन थांबलं.
किती लिहू, विचारलं.
वल्हं टेकवून त्यानं समोर पाहिलं,
म्हणाला, "लिवा की, पल्याड."

तेच लिहिलं.
ती बिल्टी शेठला दाखवली नाही.
सोमवारी मोंढ्यातून अकरा ट्रक भरले,
दोन परतीला रिकामे आले.